आईंची मात्रा

डॉक्टरांनी सासूबाईंना खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, पावलं मागे लोंबती ठेवायला सांगितली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीनं हलकेच ठोकलं. पाऊल उडालं खरं, पण परत जागेवर यायला त्यानं भलताच वेळ घेतला. डॉक्टरांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. मग ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ह्यांना मिक्सिडीमा आहे. मूत्रपिंडांना काही झालेलं नाही. इतके महिने तुम्ही ह्यांना अळणी का जेवायला घालताय?"

सासूबाई पाठमोऱ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं, आणि त्या क्षणी वाटलं, येत नसतं तर बरं झालं असतं.

मिक्सिडीमा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही तोवर ठाऊक नव्हतं. आपल्या गळ्यात, कंठाच्या जरा खाली, थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. तिच्यातून एक स्राव थेट रक्तात मिसळत राहतो. त्याला हॉर्मोन म्हणतात. हृदयानं किती ठोके द्यायचे, अंगात ऊब किती ठेवायची, आतड्यांनी आणि डोक्यानं किती वेगानं चालायचं, हे सगळं तो ठरवतो. डॉक्टर म्हणाले, "शेगडीचं खालचं झाकण असतं ना, तसं समजा. ते उघडं असलं की कोळसा फुलतो, मिटलं की विझत जातो. ह्यांचं झाकण जवळजवळ मिटलंय."

आम्ही तेव्हा कलकत्त्याला भवानीपुरात राहत होतो. ह्यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, केंद्र सरकारची नोकरी, तीही फिरतीची. महिन्यातले निम्मे दिवस हे आसामात नाहीतर बिहारात. घरी मी आणि सासूबाई. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. सियालदहच्या बाजूनं पूर्व बंगालची माणसं अजून येतच होती आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसे. त्या गर्दीत आम्ही दोघी बाकावर बसून नंबराची वाट बघायचो. त्या पेंगायच्या आणि मी मनातल्या मनात चिडायची.

हो, चिडायची. सासूबाई मुळात भारी चपळ. आणि आदल्या वर्षापासून त्यांचं सगळंच संथ व्हायला लागलं. वैशाखात आम्ही घामानं निथळत असताना त्या शाल पांघरून बसत आणि पंखा बंद करायला लावत. चेहरा सुजला, पापण्या फुगल्या, भुवयांची बाहेरची टोकं झडली. कातडी इतकी कोरडी पडली की खोबरेल तेल चोळलं तरी तासाभरात पांढुरकी. आवाज घोगरा झाला. एकदा पोस्टमननं दाराआडून त्यांचा आवाज ऐकला आणि पुरुष समजून "बाबू, सही कोरून", म्हणजे सही करा, म्हणाला. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

वाती वळता वळता त्या झोपत. एखादी गोष्ट विचारली की उत्तर इतक्या वेळानं येई की मी तोवर दुसऱ्या कामाला लागलेली असे. मला वाटलं, सून हाताशी आहे म्हणून अंग काढून घेतलंय. ह्यांना मी तसं बोलूनही दाखवलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी सूज बघून मूत्रपिंडाचा विकार सांगितला आणि मीठ तोडलं. मीठ तोडायचं काम मी फार काटेकोरपणे केलं. एकदा त्यांनी लोणच्याच्या बरणीला हात लावला तर तो मी धरला होता. तो हात थंडगार होता, हे मला जाणवलंही होतं.

निदान पक्कं करायला बी.एम.आर. नावाची तपासणी करायची ठरली. माणूस काही न करता नुसता पडून असला तरी शरीर किती प्राणवायू वापरतं, ते त्यात मोजतात. सकाळी उपाशीपोटी जायचं, अर्धा तास निश्चल पडायचं, मग नाकाला चिमटा लावून तोंडातल्या रबरी नळीनं श्वास घ्यायचा. शेजारी एक गोल फिरणारं यंत्र कागदावर रेघ ओढत असतं.

सासूबाईंनी ती नळी पाहिली आणि तोंड मिटून घेतलं. "किती जणांच्या तोंडातली असेल ही? उष्टी." नर्स बंगाली, तिला काही उमगेना. मी हिंदीत समजावलं. तिनं दुसरी नळी आणली, स्टोव्हवर पाणी ठेवून आमच्या डोळ्यांदेखत उकळली. सासूबाई भांड्याकडे टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "उकळली ना? मग आणा." आणि मुकाट्यानं नळी तोंडात धरली. आकडा फारच खाली आला. शंका उरली नाही.

आता औषध. डॉक्टरांनी एक बाटली पुढे सरकवली. मातकट रंगाच्या बारीक गोळ्या. "शरीर जो स्राव करत नाही, तो बाहेरून द्यायचा. जन्मभर. वय आहे, हृदयावर एकदम ताण यायला नको, म्हणून अगदी थोड्यापासून सुरुवात करू." मी गोळ्या कशाच्या ते विचारलं. ते सरळ म्हणाले, "मेंढीच्या. कत्तलखान्यातून थायरॉइड ग्रंथी आणतात, वाळवून पूड करतात. परदेशात रासायनिक औषध निघालंय म्हणे, पण मला ते इथे मिळत नाही."

सासूबाई विधवा, सोवळ्याच्या. मासळीच्या शहरात राहून त्यांनी आपलं एक छोटंसं बेट केलं होतं. भाजीवाली मासळीच्या टोपलीशेजारी बसली असली तर तिच्याकडची भाजी घरात येत नसे. देवाची पूजा त्यांची, नैवेद्य त्यांचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती एकच गोष्ट त्यांनी मला कधी करू दिली नव्हती.

डॉक्टर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "आमच्याही घरोघरी विधवा आहेत, मला कळतं. जी विचारते तिला मी खरं सांगतो. ह्यांची भाषा मला येत नाही, तुम्ही सांगा. पण औषध घेतलं नाही तर ह्या अशाच गार होत जातील, झोप वाढेल, आणि एक दिवस जाग येणार नाही." मग सासूबाईंकडे वळून, मोठ्यानं, हसत म्हणाले, "भय नेई, मासीमा." काही भिऊ नका, एवढं त्यांना समजलं. त्यांनी हात जोडले.

ट्राममध्ये त्यांनी विचारलं, "कसलं औषध दिलंय गं?"

मी म्हटलं, "मात्रा आहे, आई. वैद्यांच्या हेमगर्भासारखी. हल्ली डॉक्टरही देतात."

ते नाव तिथंच, त्या ट्राममध्ये, सुचलं. हे घरी असते तर त्यांना विचारलं असतं, अशी मी पुढे बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला कुणाला विचारायचंच नव्हतं. एरवी सासूबाईंनी मला दहा प्रश्न विचारले असते. तेव्हा त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मंदावलेल्या माणसाला फसवायला कष्ट पडत नाहीत.

रोज सकाळी मी गोळी सहाणेवर बारीक करायची आणि मधातून चाटवायची. गोळीसारखी गोळी दिसायला नको म्हणून हा खटाटोप. पहिला आठवडा काहीच फरक नाही. मग लघवी वाढली आणि सूज ओसरायला लागली. तोंडावरची ती परकी सूज जाऊन खालून त्यांचा स्वतःचा चेहरा वर आला. नाडी सुधारली. डॉक्टर दर खेपेला थोडा डोस वाढवत. एका दुपारी त्या म्हणाल्या, "सुमती, पंखा लाव गं, उकडतंय." मी पंखा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढे त्यांचा आवाज परतला, आवाजाबरोबर बोलणीही परतली. आमटीत चिंच जास्त, पोळ्या जाड, मोलकरीण डोक्यावर चढवून ठेवलेली. मी सगळं आनंदानं ऐकून घेत होते. हे फिरतीवरून आले आणि आईला जिना भराभर उतरताना बघून दारातच थांबले. मी त्यांना मात्रेची हकिकत सांगितली. "आई उठली ना? मग आता तू तोंड उघडू नकोस," म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडीला गेले.

सकाळच्या घाईत रोज गोळी खलणं जमेना, म्हणून मी आठवड्याच्या पुड्या एकदम करून सासूबाईंच्या हवाली करायला लागले. आणि एके दिवशी बघते तर पूजेत, बाळकृष्णासमोर, चांदीच्या वाटीत ती पुडी उघडून ठेवलेली. वर तुळशीचं पान.

"जिनं मला उठवलं ती आधी त्याच्या पुढे नको का ठेवायला?" त्या म्हणाल्या. "नैवेद्य दाखवून मगच घेते मी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या पाटावर ताठ बसल्या होत्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, अंघोळीनं चेहरा तजेलदार. सहा महिन्यांपूर्वी ह्याच पाटावरून मी त्यांना काखेत हात घालून उठवत होते. मी बाहेर आले. त्यानंतर रोज ती घंटा वाजली की मी कुठल्या तरी कामाचं निमित्त काढून गच्चीवर जायची. मेंढीचं मांस मी माझ्या हातानं देवापुढे पाठवत होते. मी काही फार देवभोळी नाही, तरी हे मला सोसत नव्हतं. आणि सांगितलं तर त्या औषध टाकतील, हे दिसत होतं.

श्रावणात त्यांचा आवाज पुन्हा जड वाटायला लागला. केस विंचरताना फणीत गुंता जास्त. डॉक्टरांनी नाडी पाहिली, टाचेच्या वर ठोकलं, कपाळाला आठी घातली. "औषध रोज घेतात ना?" रोज घेतात, मी छातीठोकपणे सांगितलं. मी स्वतः तर पुड्या करून देत होते. डॉक्टरांनी डोस चांगलाच वाढवला.

आमच्या खालच्या मजल्यावर बापट म्हणून मराठी कुटुंब होतं. मुलगा बँकेत, त्याची आई सासूबाईंच्याच वयाची, विधवा. दोघींची एकमेकींशिवाय घटका जात नसे. एकादशीला मिळून गंगेवर जायच्या. बापटकाकूंना हृदयाचं दुखणं होतं. जिना चढला की धाप लागे, संध्याकाळी पाय सुजत.

डोस वाढवून दोन-तीन आठवडे झाले असतील. दुपारी खालून बापटांच्या सूनबाईंची हाक आली. मी धावत गेले. काकू उशांना टेकून बसल्या होत्या, तोंडाला कोरड, हात थरथरत होते, आणि मानेजवळची शीर इतकी वेगानं उडत होती की लांबून दिसत होती. त्यांना टॅक्सीत घालून आम्ही त्याच इस्पितळात नेलं. सासूबाई हट्टानं बरोबर आल्या.

काकूंना आत घेतलं. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. सासूबाई माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "सुमती, ह्या डॉक्टरांना विचार, मात्रा तिला कमी तर पडत नाही ना? मी एक दिवसाआड माझी पुडी तिला देते. तिचेही पाय माझ्यासारखेच सुजलेत, कुणी लक्षच देत नाही. म्हटलं, माझी सूज गेली तशी तिचीही जाईल."

एक दिवसाआड, म्हणून सासूबाईंचा आवाज जड झाला होता. आणि वाढवलेला डोस त्या कमकुवत हृदयात गेला होता. मात्रा म्हटल्यावर मैत्रिणीला द्यायला काय हरकत? मात्रा सगळ्यांनाच मानवते. ते नाव मी दिलं होतं. मात्रा नाही, डॉक्टरांनी फक्त तुमच्यासाठी मोजून दिलेल्या गोळ्या आहेत एवढं खरं सांगितलं असतं, तर त्यांनी दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नसता.

मी उठून डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. तडक आत गेले. बाहेर आले तेव्हा सासूबाईंसमोर उभे राहून तुटक हिंदीत म्हणाले, "माँजी, यह दवा सिर्फ आपके लिए है. जिसका थायरॉइड ठीक है, उसका दिल इससे दौड़ने लगता है." सासूबाई गोंधळल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मात्रेनं असं कसं होईल?"

डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं. मग ते आत निघून गेले.

मी सासूबाईंच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सांगितलं. आजूबाजूला माणसंच माणसं होती, कुणाला मराठी कळत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "कशाच्या?"

"मेंढीच्या."

"मी देवापुढे ठेवत होते गं ती," त्या म्हणाल्या. मला बोल लावला असता तर मी तो झेलला असता. घरी जाईपर्यंत त्या ट्रामच्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. गेल्या गेल्या त्यांनी अंघोळ केली, देव काढले, सगळे पुन्हा घासले, चांदीची वाटी घासली.

बापटकाकू वाचल्या. पण ह्या औषधाचा अंमल लगेच उतरत नाही. बंद केलं तरी रक्तात आठवडेच्या आठवडे राहतो. तेवढे दिवस काकू इस्पितळात होत्या आणि माझा जीव टांगणीला होता. मी रोज डबा घेऊन जायची. त्यांच्या मुलाला मी सगळं सांगितलं. तो सभ्य माणूस. "झालं ते झालं" म्हणाला, पण त्याच्या बायकोनं माझ्या हातचा डबा काही घेतला नाही. मी तो परत घेऊन यायची.

इकडे सासूबाईंनी औषध सोडलं. मी हात जोडले, हे रजा घेऊन आले, त्यांनी समजूत घातली. "मला आग्रह करू नका," एवढंच उत्तर. अंमल हळूहळू उतरत गेला तशा त्या माझ्या डोळ्यांसमोर मागे जायला लागल्या. आधी शाल पुन्हा अंगावर आली. मग पापण्या फुगल्या. जेवताना हातातला घास हातातच राहायला लागला. ह्या खेपेला मला ठाऊक होतं काय होतंय, आणि पुढे काय होणार तेही. मी फक्त बघत होते.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी त्या पूजेला बसल्या होत्या. रोजचं स्तोत्र, बालपणापासून पाठ असलेलं. मधेच त्या थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा म्हणत आल्या, पुन्हा तिथंच अडखळल्या. तिसऱ्यांदा तेच. मी दारात उभी होते. पुढची ओळ मला येत होती, पण सांगायचं धाडस झालं नाही. त्या बराच वेळ हातात फूल धरून बसल्या. मग ते त्यांनी तबकात परत ठेवलं.

"बाटली आण," त्या म्हणाल्या. मी सहाण काढायला वळले. "वाटू नकोस. अख्खी दे. मला बघू दे ती."

मी पाणी आणलं. त्यांनी गोळी तळहातावर घेऊन नीट पाहिली आणि गिळली. मग गुडघ्यांवर जोर देत उठल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून पूजा तू कर."

त्या दिवसापासून त्यांनी देवाला हात लावला नाही.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं माणूस असेल, उन्हाळ्यात शाल मागणारं, हाकेला उशिरा ओ देणारं, तर त्याला आळशी ठरवू नका, नुसती सूज बघून मीठही तोडू नका. मोठ्या डॉक्टरांना दाखवा. औषध रोज घ्यायचं असतं, बरं वाटलं म्हणून सोडायचं नसतं, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं तर मुळीच नसतं. ज्या डॉक्टरांनी एका हातोडीनं आमच्या घरातलं माणूस परत दिलं, त्यांचे उपकार मी कसे फेडू? त्यांनी तर मला सासूबाईंना खरं सांगायलाही बजावलं होतं.

सासूबाई पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. बापटकाकूंकडे जायला लागल्या, मोलकरणीला रागवायला लागल्या. सकाळी मी पूजा करते आणि त्या उंबऱ्याबाहेर चटई टाकून बसतात. स्तोत्र त्याच म्हणतात, खणखणीत आवाजात, एक अक्षर चुकत नाही. गंध जास्त झालं, फूल उलटं वाहिलंस, हे तिथून चालू असतं. ताम्हनात पाणी घालताना माझे हात अजून अवघडतात. जागा माझी नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, इतकी वर्षं त्याची सेवा केलीत. औषधासाठी तो काही रागवायचा नाही. आत या ना."

"तो कशाला रागवेल?" त्या म्हणाल्या. "तू मला तेव्हाच विचारलं असतंस तर मी घेतलं असतं की नसतं, ते मला आता कधीच कळायचं नाही. त्याच्यासमोर बसले की तेवढंच मनात येतं. म्हणून नाही बसत."

आणि त्यांनी पुढचा श्लोक सुरू केला.